जप्त घराचा कर्ता

रमजानमध्ये दिवस कलायला लागला की मिरज-सांगलीच्या आणि सातारा-कराडच्या मोहल्ल्यांतून एक वेगळीच लगबग सुरू होते. ताटात खजूर येतो, कलिंगडाच्या फोडी येतात, कढईतून भजी निघतात. पहिला रोजा धरलेली पोरे मशिदीच्या भोंग्याकडे कान लावून बसतात. दिवसभराची भूक-तहान आता थोड्या वेळाची सोबतीण असते. रोजाची भूक अवघड असते, पण ती माणसाने आपणहून पत्करलेली असते आणि तिचा शेवटही ठरलेला असतो. मगरिबची अजान झाली की घास तोंडात जातो.

याच कृष्णाकाठी एका घराने अशी भूक सोसली, जिला मगरिबची वेळ ठरलेली नव्हती. घरावर सरकारी जप्ती होती, शेत हातचे गेले होते आणि घराचा कर्ता पुरुष रानोमाळ फिरत होता. त्या कर्त्या पुरुषाला महाराष्ट्र क्रांतिसिंह नाना पाटील म्हणून ओळखतो. चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत, शाळा-महाविद्यालयांना, रुग्णालयांना त्यांचे नाव आहे. प्रतिसरकारची गोष्ट शाळेतल्या मुलालाही थोडीफार ठाऊक असते. मात्र त्या गोष्टीत नानांच्या घरातली माणसे फारशी येत नाहीत. सब्र म्हणजे काय, हे समजून घ्यायच्या या महिन्यात त्या घराची आठवण काढायला हवी.

तलाठ्याची नोकरी

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. मच्छिंद्रगडाच्या पायथ्याचे, कृष्णेच्या खोऱ्यातले हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आजचा सांगली जिल्हा त्या वेळी नव्हताच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. त्यामुळे नानांच्या काळातला सातारा म्हणजे आजचे सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे, आणि त्यांच्या अधेमधे विखुरलेली औंध, सांगली, मिरज, फलटण अशी संस्थाने.

घर शेतकऱ्याचे, संस्कार वारकऱ्यांचे. मराठी शाळेतले शिक्षण झाल्यावर नाना तलाठी झाले. त्या काळी गावात तलाठ्याला मान मोठा. जमीन कोणाच्या नावावर, पीक काय, सारा किती थकला, बोजा कोणाचा, हे सगळे त्याच्या दप्तरात असायचे. शेतकरी त्याच्यापुढे हात जोडून उभा राहायचा. घरात महिन्याच्या महिन्याला पगार यायचा. बायको, मुलगी, म्हातारी आई असलेल्या माणसाने आणखी काय मागावे? धोपटमार्गाने गेले असते तर नाना त्याच दप्तरावर निवृत्त झाले असते.

पण त्या दप्तरानेच त्यांना गावाचे खरे दुखणे दाखवले असणार. कागदावर शेतकऱ्याची जमीन कशी आक्रसत जाते आणि सावकाराची कशी वाढत जाते, हे तलाठ्याइतके जवळून कोण पाहतो? त्यात साताऱ्याच्या मातीत सत्यशोधक चळवळ मुरलेली होती. लग्नातला खर्च, अंधश्रद्धा, जातीची उतरंड यांविषयी गावोगावचे जलसे बोलत होते. १९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. समुद्र नसलेल्या भागांत लोकांनी जंगलचे कायदे मोडले. शिराळा भागातल्या बिळाशीचा जंगल सत्याग्रह याच वर्षीचा. त्याच वर्षी नानांनी तलाठ्याची नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. तेव्हापासून १९४२ पर्यंत त्यांच्या तुरुंगाच्या वाऱ्या होतच राहिल्या. आठ-नऊ वेळा ते आत गेले आणि बाहेर आले.

लेकीच्या वाटणीला

नानांना एक मुलगी, हौसाताई. ती अगदी लहान असतानाच तिची आई गेली. वडील आज तुरुंगात, उद्या सभेला, परवा कोणत्या गावी ते कोणालाच ठाऊक नाही. पोर आजीच्या पदराखाली वाढली. पुढे हौसाताईंनी आपल्या उतारवयात या दिवसांच्या आठवणी सांगितल्या. त्या सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नसे. ऐकणाऱ्याचा जीव मात्र कासावीस होई.

इंग्रज सरकारला नाना हाती लागत नव्हते. मग त्याने घराला हात घातला. घर जप्त झाले, शेत जप्त झाले. ज्या माणसाने एकेकाळी सरकारी दप्तरात इतरांच्या जमिनींच्या नोंदी ठेवल्या, त्याच्याच जमिनीवर आता सरकारचा शिक्का बसला. घरातली माणसे उघड्यावर आली. गावात मजुरी मिळेना, कारण नाना पाटलाच्या घरच्यांना काम दिले तर पोलीस आपल्याही दारात येतील, ही धास्ती प्रत्येकाला होती. लोक भेटायला, बोलायलाही बिचकत. दुकानदार मीठ द्यायलाही कचरत.

मिठासाठी गांधीजी दांडीपर्यंत चालत गेले होते. त्याच मिठाच्या आंदोलनाच्या वर्षी नानांनी नोकरी सोडली होती. आणि आता त्यांच्याच घराला दुकानातून मीठ मिळत नव्हते.

आजीच्या भावाने बैलजोडी आणि गाडी दिली. त्या गाडीने घर तगले. गूळ, शेंगा, जोंधळा भरून गाडी ताकारीला जायची, कधी कराडपर्यंत जायची. जे भाडे मिळेल त्यावर चूल पेटायची. बैलांचा चारा निघाला तर माणसांना उरायचे नाही आणि माणसांना उरले तर बैलांची चिंता. रात्री कोणाच्या घरी दळण-कांडण असेल तर घरातल्या बायका न बोलावताही जाऊन बसायच्या. काम केल्यावर काही तरी पदरात पडेल एवढीच आशा. काही नसले तर उंबराची फळे आणून त्यांचीच भाजी करायची.

भूक म्हणजे काय हे कळावे, उपाशी माणसाची जाणीव व्हावी, हा रोजाचा एक हेतू आलिम नेहमी सांगतात. ज्याच्या घरात धान्याचा कोठा भरलेला आहे त्यालाही महिनाभर दिवसा उपाशी राहायला लावून हा महिना ती जाणीव देतो. नानांच्या घराला ती जाणीव वेगळी करून द्यावी लागली नाही.

नानांना हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? भूमिगत माणसाला आपल्या घरी जाता येत नाही, कारण पोलीस सर्वांत आधी तिथेच पाळत ठेवतात. जगातल्या सगळ्या घरांत त्याला आसरा मिळू शकतो, फक्त स्वतःच्या घरात मिळत नाही. सरकारचा हिशेबही तोच होता. लेकीची, आईची उपासमार पाहून बाप कधी तरी शरण येईल. बाप शरण आला नाही. आणि आश्चर्य म्हणजे, घरातूनही त्यांना मागे ओढणारी हाक गेली नाही.

रमजानच्या तोंडावरचा सप्टेंबर

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर चले जावचा ठराव झाला आणि पुढारी पकडले गेले. साताऱ्यात लोकांनी कचेऱ्यांवर मोर्चे काढले. ऑगस्टच्या अखेरीकडे कराड, ३ सप्टेंबरला तासगाव. हजारोंच्या संख्येने शेतकरी चालत आले, कचेरीवर तिरंगा लावला आणि शांततेने परतले. मग ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला पोलिसांनी गोळीबार केला. वडूजच्या मोर्चातले परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी असे नऊ जण हुतात्मे झाले. इस्लामपुरात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले तरुण इंजिनीअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे पडले.

त्या वर्षी रमजानचा चाँद या घटनेपासून अवघ्या दोन-तीन दिवसांवर होता. इस्लामपुरात ज्या वेळी घराघरांत सहरीची तयारी व्हायची, त्याच वेळी गाव दोन तरुणांच्या मृत्यूने सुन्न झाले होते. हा महिना कोणत्याही धर्माच्या घराला त्या वर्षी नेहमीसारखा गेला नसणार.

निःशस्त्र मोर्च्यावर गोळ्या चालतात हे पाहिल्यावर साताऱ्याच्या कार्यकर्त्यांनी मार्ग बदलला. नाना भूमिगत झाले. पुढचे सुमारे ४४ महिने, म्हणजे १९४६ च्या मध्यापर्यंत, एवढ्या मोठ्या सत्तेच्या पोलिसांना हा उंचापुरा, हजारोंनी पाहिलेला, हजारोंनी ऐकलेला माणूस सापडला नाही.

पदराखालची भाकरी

तो का सापडला नाही, याचे उत्तर डोंगरदऱ्यांत जेवढे आहे तेवढेच चुलींपाशी आहे.

संस्थानांच्या हद्दींचा उपयोग भूमिगतांना झाला हे खरे. ब्रिटिश पोलीस आले की ओढा ओलांडून संस्थानात जायचे. कुंडल गाव औंध संस्थानात होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या प्रजेला स्वराज्याचे हक्क आधीच देऊन टाकले होते. तिथे भूमिगतांना थोडा मोकळा श्वास घेता येई. कुंडल पुढे चळवळीचे केंद्रच झाले.

पण हद्द ओलांडल्यावर पोट भरायला लागतेच. रात्री-अपरात्री पाच-पंचवीस माणसे येणार, त्यांना भाकरी द्यायची, पहाटेच्या आत ती निघून जाणार आणि सकाळी पोलीस आले तर तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. हे एका घरात नाही, शेकडो घरांत झाले. बायकांनी पदराखालून, गवताच्या भाऱ्यातून, शेणाच्या पाटीतून भाकऱ्या रानात पोहोचवल्या. ज्यांच्याकडे दोन पायली जोंधळा होता त्यांनी त्यातला दिला. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

सदका असा द्यावा की उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, अशी शिकवण इस्लाममध्ये आहे. सातारा-सांगलीच्या या भाकऱ्या तशाच होत्या. त्या दिल्याचे कळले असते तर घर गेले असते, त्यामुळे देणाऱ्याला नाव मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

इथेच एक विसंगती मनाला टोचते. ज्या जिल्ह्याने नानांना आणि त्यांच्या साथीदारांना चार वर्षे जेवू घातले, त्याच जिल्ह्यात नानांच्या स्वतःच्या घराला मीठ मिळायची मारामार होती. कारण साधे आहे. रानातल्या माणसाला अंधारात भाकरी देता येते. पोलिसांची नजर असलेल्या घरात दिवसाउजेडी जाणे कठीण असते. भीती वाटणाऱ्यांना नानांनी किंवा हौसाताईंनी कधी बोल लावला नाही. माणूस घाबरतो म्हणून तो वाईट ठरत नाही, ही समज त्यांच्या घरात होती.

व्याज, दारू आणि हुंडा

१९४३ मध्ये प्रतिसरकार आकाराला आले. सरकार म्हटले की कचेरी, खुर्ची, शिपाई डोळ्यांपुढे येतात. यातले काही नव्हते. गावोगावी पंचांची न्यायदान मंडळे होती. बांधाचे भांडण, भाऊबंदकी, टाकलेली बायको, लुबाडलेले शेत असे खटले तिथे यायचे. वकील नाही, स्टँप नाही, तारखांवर तारखा नाहीत. शेकडो गावकरी साक्षीला बसलेले असताना खोटे बोलणे सोपे नसते. अनेक जुने तंटे तिथे मिटले.

सावकारांच्या गहाणखतांवर प्रतिसरकारने हात घातला. व्याजाने माणूस कसा पोखरतो हे वेगळे सांगायला नको. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध मानले आहे, त्यामागे हीच कळकळ आहे. दारूच्या भट्ट्या मोडल्या. लग्नातली उधळपट्टी थांबावी म्हणून गांधी पद्धतीची लग्ने लावली. हार घालायचे, दोन शब्द बोलायचे, हुंडा नाही, वाजंत्री नाही, कर्ज नाही. एका मुलीच्या लग्नापायी बापाचे शेत सावकाराकडे जायचे त्या काळात, अशा लग्नांनी किती शेते वाचवली असतील!

बळाचा वापरही झाला. गुंड, दरोडेखोर, पोलिसांचे खबरे यांच्या तळपायांवर काठ्या बसायच्या. बैलाला नाल ठोकतात तसा तळपायाला पत्रा ठोकतात, अशी बोलवा पसरली आणि प्रतिसरकारचे लोकांनी पत्री सरकार करून टाकले. ही शिक्षा क्रूर होती, यात शंका नाही. चळवळीचे नाव घेऊन लूटमार करणारेही निघाले आणि त्यांचा बंदोबस्त चळवळीलाच करावा लागला. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. नानांची थोरवी त्याने कमी होत नाही. हाती सत्ता आल्यावर ती चुकू शकते, हे मात्र ध्यानात राहते.

पैशांच्या बाबतीत या माणसांचा हिशेब चोख होता. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी अडवून सुमारे १९ हजार रुपये तूफान सेनेच्या तरुणांनी ताब्यात घेतले. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र लाड त्यात आघाडीवर होते. १४ एप्रिल १९४४ ला धुळे भागात सरकारी खजिन्याचे साडेपाच लाख रुपये हाती आले. त्या काळी एवढ्या रकमेत किती जमीन आली असती! पण तो पैसा चळवळीची अमानत होती. ज्याच्या हातात अमानत येते त्याची खरी परीक्षा घरची चूल विझलेली असताना होते. नानांच्या घरची माणसे गूळ-शेंगांची गाडी हाकत राहिली. या एका गोष्टीतून नानांची पारख होते.

नानांचे बळ त्यांच्या वाणीत होते. पुस्तकी भाषा त्यांना येत नसे असे नाही, पण ती ते वापरत नसत. बैल, मोट, पेरणी, जावा-भावांची भांडणे, असे दाखले देत ते बोलायचे. हजारोंची सभा हसायची आणि हसता हसता गंभीर व्हायची. सेना उभी करणारे, हिशेब ठेवणारे, हत्यारे जमवणारे नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू, किसन वीर, यशवंतराव चव्हाण असे अनेक जण या लढ्यात होते. वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून २४ जुलै १९४३ ला बाहेर पडले. त्यात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळ्यांना बळी पडले, दादा स्वतः जखमी झाले. एवढ्या वेगवेगळ्या स्वभावांच्या माणसांना लोकांच्या मनात एक नाव हवे होते, ते नाव नानांचे होते.

लेक बापाच्या वाटेवर

ज्या मुलीने बापाच्या लढ्यापायी बालपण गमावले, तिने पुढे त्या लढ्याकडे पाठ फिरवली असती तरी कोणी दोष दिला नसता. झाले उलटेच. हौसाताई आणि त्यांचे पती भगवानराव दोघेही चळवळीत उतरले. घरी तान्हे मूल असताना हौसाताई बाहेर पडल्या.

भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारे हवी होती. ठाण्यासमोर भांडणाचे सोंग वठवायचे ठरले. एक कार्यकर्ता हौसाताईंना मारू लागला. मार खरा वाटावा म्हणून खरोखर बसला. पोलीस भांडण सोडवायला धावले आणि तेवढ्यात साथीदारांनी बंदुका लांबवल्या. दुसरी मोहीम गोव्याची. बाळ जोशी हे साथीदार पणजीत पोर्तुगीजांच्या कैदेत होते. त्यांना सुटकेचा निरोप पोहोचवायचा होता. हौसाताई त्यांच्या बहीण म्हणून भेटायला गेल्या, चिठ्ठी अंबाड्यात लपवलेली. परतताना वाट रानातून होती आणि मध्ये मांडवी नदी. पोहणे येत नसताना लाकडी पेटीचा आधार घेऊन त्यांनी नदी पार केली.

बाप लेकीसाठी घर, शेत, दागिना काही ठेवू शकला नाही. तरी लेकीने त्याच्याकडून काय घेतले हे त्या नदीच्या पात्रात दिसते. कुटुंबवत्सल माणूस म्हणजे रोज संध्याकाळी घरी येणारा, मुलांना मांडीवर घेणारा, अशी आपली कल्पना असते आणि ती चुकीची नाही. नानांच्या नशिबी ते सुख नव्हते. पण ज्याच्या घरातल्या माणसांचा एवढ्या हालांनंतरही त्याच्यावर विश्वास राहतो, त्याने घरावर प्रेम केले नाही असे म्हणता येत नाही.

लढाईनंतरची तीस वर्षे

१९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, भूमिगत उजेडात आले. नानांना पाहायला माणसांचे लोंढे जमले. काही महिन्यांपूर्वी, २५ फेब्रुवारीला मणदूरजवळच्या चकमकीत किसन अहिर आणि तरुणांना शिकवायला आलेले पंजाबचे नानकसिंग हुतात्मे झाले होते. वाळव्याच्या पोराशेजारी पंजाबचा शीख जवान पडला. या लढ्याने जात, धर्म, प्रांत विचारला नाही, याची ती साक्ष आहे.

स्वातंत्र्यानंतर जुन्या साथीदारांच्या वाटा वेगळ्या झाल्या. यशवंतराव आणि वसंतदादा पुढे मुख्यमंत्री झाले. नाना शेतकरी कामगार पक्षात गेले, नंतर कम्युनिस्ट पक्षात. शेतकऱ्याच्या घरात स्वराज्य पोहोचले का, हा त्यांचा प्रश्न सुटला नव्हता. १९५५ मध्ये ते अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्ष झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी पुन्हा सभा गाजवल्या. १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये थेट बीडमधून लोकांनी त्यांना लोकसभेत पाठवले. दिल्लीतही ते मराठीत बोलले. ज्या भाषेत शेतकरी गाऱ्हाणे मांडतो त्याच भाषेत ते संसदेत मांडले गेले. मंत्रिपद, कारखाना, संस्था असे काही त्यांनी आपल्या मागे उभे केले नाही. जसे घर जप्त झाल्या दिवसांत राहिले, तसेच मोकळ्या दिवसांतही हात रिकामे राहिले.

अखेरचे दिवस आले ते मिरजेत. मीरासाहेबांच्या दर्ग्याचे, सतारींचे आणि दवाखान्यांचे हे गाव. ६ डिसेंबर १९७६ ला, वयाच्या ७६ व्या वर्षी नानांनी तिथे देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार वाळव्याला झाले. ज्या तालुक्यात ते जन्मले आणि ज्या गावांच्या भाकरीवर त्यांनी भूमिगत वर्षे काढली, त्याच मातीत त्यांची राख मिसळली.

हौसाताई त्यानंतरही पंचेचाळीस वर्षे राहिल्या. शेतकऱ्यांच्या, गोरगरिबांच्या प्रश्नांवर उतारवयातही त्या बोलत होत्या. २०२१ मध्ये त्या गेल्या. त्यांच्याबरोबर त्या घराच्या भुकेची शेवटची साक्ष गेली.

आता रमजानचे दिवस सरतात. ईदच्या नमाजाला जाण्याआधी फितरा द्यायचा असतो, कारण सणाच्या दिवशी कोणत्याही घरातली चूल थंड राहू नये. गल्लीत इफ्तारीची झाकलेली ताटे शेजारच्या घरी जातात. काही त्या घरी जातात जिथे रोजा नसतो, आणि दिवाळीला तिथूनच फराळाची ताटे परत येतात. पण एखादे घर असेही असते, ज्याच्या दारात जायला लोक कचरतात. घरातला कोणी तुरुंगात असतो, कोणावर खटला असतो, कोणाशी गाव बोलत नसते. येडेमच्छिंद्रच्या त्या दारात मीठ घेऊन जायला त्या वेळी कोणी धजावले नाही. अशा दारात यंदा एक ताट गेले, तर नाना पाटलांची याहून चांगली आठवण दुसरी नसेल.